आबांचा कोयता

चि. मीनास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ओरडलो. आपली गरिबी प्रदर्शनात मांडून मुंबईच्या लोकांना कशाला दाखवायची, असं बोलून गेलो. तू फोन ठेवलास, इकडे तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आबांचा कोयता गोणपाटात बांधलाय. गंजलाय, पण धार आहे. जे. जे. च्या कलाशाळेत टांगशील तर सुतळीने नको, तारेने टांग. हात जपून.

तुझ्या आजीची, बाईची गोधडीही देतो. तिच्यावर माझ्या तिसरीच्या हजेरीचं पान शिवणार म्हणालीस, तर ऐक. 1984 साल. आबांनी ऊसतोड टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल पावसाळ्यातच संपली होती, मग ऊस तोडायला जावंच लागायचं. 72 च्या दुष्काळाने आपल्या पाटोद्याकडच्या कितीतरी घरांना या वाटेला लावलं, आबा त्यातलेच. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. खाली भांडी, शेळी, कोंबड्या, वर आम्ही पोरं. कराडकडे उसाच्या फडाजवळ वाळल्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, घालायची. मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. पोर कशातच धरत नाहीत. मी आठ वर्षांचा, सिंधूला काखेत मारून वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायचो. आणि इकडे हजेरीत मी पाडव्यापर्यंत रोज हजर! तेव्हा सगळे हजरच शीव, एकही खाडा दाखवू नकोस.

आता ती हजेरी मी भरतो. यंदा हंगामी वसतिगृहामुळे वर्गातली अकरा पोरं गावात राहिली, सहा गेली. गेलेल्यांना मी हजर मांडत नाही.

पण चित्रांवर पोट भरत नाही, मीना. बी.एड. करून ठेव, पुढे काय वाटेल ते... लागलो बघ वर्ग घ्यायला. राहू दे. तुझ्या कोपीचा फोटो मी शाळेत सगळ्यांना दाखवला. पाचट अगदी खरं बसवलंयस.

फक्त सिंधूआत्याच्या बोटाचं काही मांडू नकोस. तिला विचारून मग बघ. हाच तो कोयता. उघडा मीच ठेवला होता.

काल कानशीने धार बोथट केली, तरी मला भरवसा नाही. एसटीच्या पार्सलने पाठवत नाही. रविवारी पहाटे दादरला मीच घेऊन उतरतो. मी आल्याशिवाय गोणपाट सोडायचं नाही.

तुझे
अण्णा