रेडिएशन संपल्यानंतरचे महिने : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
सविनय नमस्कार.

तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग झालेली माणसं गावोगावहून परळच्या टाटा रुग्णालयात येतात. त्यातली कितीतरी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून सहा-सात आठवडे रेडिएशन घेतात आणि घरी परततात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने अनेकांचा खर्च उचलला, याबद्दल मनापासून आभार. हे पत्र त्यानंतरच्या महिन्यांबद्दल आहे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये किरणांपुढे सगळ्यात नाजूक म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट. बहुतेक पेशी विभाजनाच्या वेळी मरतात. लिम्फोसाइट मात्र एक-दोन ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) इतक्या मात्रेतही काही तासांत मरू लागतात. मानेवर रोज दोन ग्रे देताना तिथून वाहणारं रक्त आणि मानेतल्या लसिकाग्रंथी किरणांत सापडतात. ३०-३५ सिटिंग होईपर्यंत लिम्फोसाइटचा आकडा फार खाली आलेला असतो. न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात, लिम्फोसाइटना महिने लागतात, काहींना वर्षाहूनही जास्त. त्यातल्या टी पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसते, त्यामुळे साठीतल्या माणसाची भरपाई आणखी संथ. हिरोशिमातून वाचलेल्यांच्या टी पेशींत तर कित्येक दशकांनंतरही फरक आढळला.

गावाकडे सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, होते, पण बघितला जातो टोटल काउंट, म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा. ४,५०० म्हणजे नॉर्मल. त्यात लिम्फोसाइट १० टक्के असतील तर प्रत्यक्षात भरतात ४५०, आणि ५०० च्या खालचा आकडा गंभीर मानतात. माझ्या वडिलांचा रिपोर्ट असाच नॉर्मल ठरला. पुढे छातीवर नागीण उठली; सदरा अंगाला लागला तरी ते कळवळायचे. शरीरात दबून असलेला क्षयही अशाच काळात डोकं वर काढतो.

म्हणून विनंती अशी, की उपचार संपताना रुग्णाच्या कार्डावर लिम्फोसाइटचा प्रत्यक्ष आकडा लिहिला जावा. पुढे वर्षभर प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक अंतराने मोफत सीबीसी व्हावी आणि रिपोर्टवर टक्क्यांसोबत तो आकडाही छापावा. तो ५०० च्या खाली असताना ताप आला, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवावं. खोकला रेंगाळला तर क्षयाची तपासणी व्हावी. जिवंत विषाणूंच्या लसी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, हे आशाताईंपर्यंत पोहोचावं.

यासाठी नवं यंत्र लागत नाही. तसं परिपत्रक आपण काढावं.

आपली नम्र,
एका कर्करुग्णाची मुलगी