बाबा, टेपांची ट्रंक सापडली

सांगली, गावभाग
रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुमच्या टेपांची ट्रंक सापडली. २०१९ च्या पुरानंतर खालच्या खोलीतलं कपाट चिखलासकट उचलून टाकलं, त्यातच ती गेली असं आपण सगळेच धरून चाललो होतो. ती कपाटात नव्हतीच. माळ्यावर तांब्याच्या घंगाळामागं होती, आणि कडीला आजीच्या लुगड्याचा हिरवा काठ बांधलेला होता, तिच्या त्या दुहेरी गाठीसकट. २००५ च्या पुरात खाली पाणी शिरलं होतं, त्यानंतर कधीतरी आजीनंच ती वर चढवून घेतली असणार. सांगायचं राहून गेलं. तुमच्या गाण्याच्या नादावर आजी किती कुरकुरायची! पण आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि खालचं सगळं गेलं, तेव्हा या घरात जे कोरडं राहिलं त्यात तुमची ही ट्रंक होती. गाठ सोडताना मला रडू आलं. तो काठ मी ठेवून घेतलाय.

रेकॉर्डचं आधी सांगते. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी शाबूत आहे. हिराबाई बडोदेकरांची एक रेकॉर्ड मात्र काठापासून मधल्या छिद्रापर्यंत तडकलीय. लाखेच्या जुन्या रेकॉर्डी त्या, उष्णतेनं वाकतात नि जरा धक्का लागला की तडकतात. तिचं वाईट वाटून घेऊ नका. १९३७ साली गेलेल्या खाँसाहेबांची ती तीन-सव्वातीन मिनिटांची गाणी कितीतरी संग्राहकांनी जपलीत, साफ करून ठेवलीत. हिराबाईंचंही तसंच. आपली रेकॉर्ड फुटली तरी गाणं शिल्लक आहे.

टेपांचं तसं नाही. फोनवर तुम्ही म्हणालात, 'भंगारवाल्याला देऊन टाक, कोण ऐकणार आता.' बाबा, मी देणार नाही. या टेपांमध्ये जे आहे ते जगात दुसरीकडं कुठंच नाही, आणि ते तुम्हा दोघांशिवाय कुणाला ओळखूही यायचं नाही. म्हणून हे पत्र.

एका कॅसेटवर तुमच्या अक्षरात लिहिलंय : 'मिरज उरूस. पहाट. ललत.' बस्स. ना साल, ना नाव. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली रात्रभर बसून तुम्ही भरलेली टेप ही. गाणाऱ्या बाई आहेत. खालचा आवाज इतका भरदार की पहिले दोन आलाप मला पुरुषाचाच गळा वाटला. ललत रागातले दोन्ही मध्यम लागोपाठ घेऊन त्या जेव्हा सावकाश खाली उतरतात, तेव्हा मागं कुणीतरी खोकतं, बशीत कप ठेवल्याचा आवाज येतो, आणि अगदी माइकजवळ एक हलकंसं 'वाः'. ते तुमचं आहे. माझ्या आताच्या वयापेक्षाही लहान असाल तुम्ही तेव्हा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तिथल्याच समाधीपुढं हजेरी लावायला कोण कोण यायचं, कोण बिदागी न घेता गाऊन पहाटेची गाडी धरायचं, हे तुम्ही आम्हाला जेवताना सांगायचात. त्यातल्या या बाई कोण? तबल्याला कोण? आठवलं नाही तर ते वर्ष तरी सांगा.

आणि आई, तुझी एक आहे. वर काहीच लिहिलेलं नाही, म्हणून सगळ्यात शेवटी लावली. आजी ओव्या म्हणतेय. जातं नाही, काही नाही, बहुतेक मधल्या खोलीत खाटेवर बसून. मध्येच ती थांबते आणि तू म्हणतेस, 'आत्ती, पुढं म्हणा की.' मग आजी, 'मशीन बंद कर गं, लाज वाटती.' आणि तू बंद करत नाहीस. पुढं कितीतरी वेळ ती म्हणत राहते, माहेरच्या, भावाच्या, कृष्णामाईच्या. बाबांची गाणी म्हणजे बाबांची गाणी, पण आजीच्या या ओव्या टेप करून ठेवायचं तुला सुचलं, आणि इतकी वर्षं तू ते कधी बोलली नाहीस. दोन ठिकाणी शब्द लागत नाहीत. ते तूच सांगू शकशील. याच टेपच्या दुसऱ्या बाजूला तू पेटीवर भूप राग म्हणतेयस.

आता मला अडलंय कुठं ते सांगते. गणपती पेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी कॅसेटी उघडून दिल्या. काहींच्या आतली स्पंजाची पट्टी सुटली होती, ती टेपला हेडवर दाबून धरते. काहींवर पांढरी बुरशी होती. त्यांचं म्हणणं, बुरशीची टेप साफ करून एकदाच चालवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. तसंच करतेय. हेडचा तो बारका स्क्रू प्रत्येक टेपला थोडा फिरवावा लागतो. ज्या मशीनवर ती भरली त्या मशीनच्या हेडचा कल जुळला की घुमा आवाज एकदम उघडतो, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणकार, ऐकू येते. त्या क्षणासाठी मी रात्री जागतेय.

पण वेग जुळत नाही. ९० मिनिटांच्या टेप पातळ असतात, ताणल्या जातात, शिवाय भरणारं मशीनही थोडं हळू किंवा जलद असेल. वेग सहा टक्क्यांनी वाढला की आवाज पेटीवरची आख्खी एक पट्टी चढतो. आई, तुझा भूप मला पेटीच्या पांढरी सहा पट्टीत ऐकू येतो. तू तिच्या लगेच खालच्या काळी चारमध्ये गायचीस ना? तसं असेल तर टेप जलद चाललीय आणि मी तेवढी सावकाश करेन. त्यासोबत आजीचा आवाजही जागेवर येईल, आत्ता ती जरा कोवळी वाटते. घरच्या टेपमध्ये विजेची गुणगुण सापडते, ती ५० हर्ट्झची धरून वेग लावता येतो असं म्हणतात. पण त्या काळात आपल्याकडं विजेची ती वारंवारिताच खाली-वर व्हायची, त्यामुळं तुझ्या शब्दावर माझा जास्त भरवसा. उरसाची टेप तर सेलवर भरलेली, तिच्यात गुणगुण नाहीच. तिथं बाबांनी नाव सांगितलं तर त्या बाईंची पट्टी शोधता येईल.

बाबा, 'कोण ऐकणार' असं तुम्ही का म्हणालात ते मला दादाकडून कळलं. कानाचं यंत्र लावल्यापासून गाणं चिरकं, थरथरतं ऐकू येतं, म्हणून तुम्ही रेडिओसुद्धा लावत नाही. मला आधी सांगायचंत. बिघाड तुमच्या कानात असेलच असं नाही. ती यंत्रं बोलणं ऐकू यावं म्हणून बसवलेली असतात. लांबलेला सूर आला की कित्येकदा यंत्राला ती स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते त्याला कापायला जातं. तानपुरा म्हणजे तर सगळा लांबलेलाच सूर. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी सेटिंग करून मिळते, ते कापणं त्यात कमी करता येतं. दादानं गुरुवारी अकराची वेळ घेतलीय. ललतची पहिली दहा मिनिटं मी त्याच्या फोनवर पाठवलीत, तिथं बसून तीच लावायला सांगा आणि ऐकतच सेटिंग करून घ्या. 'चालतंय, चालतंय' म्हणून उठू नका.

आई, तू बरोबर जा, आणि ओव्यांची वही आणायला दादाला सांग. मी रात्री जेवणं झाल्यावर फोन करते.

तुमची
मनू