लांब पल्ल्याचा घोडा घाईने तयार होत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दत्तजयंतीच्या सुमारास आपल्या दैनिकात सारंगखेड्याच्या यात्रेतील घोड्यांची छायाचित्रे आणि त्यांच्या लाखांतल्या किमती ठळकपणे येतात. त्याच हंगामात राज्यात ठिकठिकाणी होणाऱ्या लांब पल्ल्याच्या घोडदौडींची बातमी मात्र कोणता घोडा किती तासांत पोहोचला एवढ्यावरच संपते. घोडा कोणत्या अवस्थेत पोहोचला, हा या खेळातला पहिला प्रश्न आहे आणि तो बातमीत नसतो, म्हणून हे पत्र.

१९५५ साली वेंडेल रोबी आणि त्यांच्या साथीदारांनी कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा ओलांडून ऑबर्नपर्यंतचे शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, एका दिवसात घोड्यावरून पार केले. त्यातून ‘टेव्हिस कप’ ही स्पर्धा आणि पुढे हा आधुनिक खेळ उभा राहिला. तेथे चोवीस तासांच्या आत धडधाकट घोड्यासह पोहोचणाऱ्या प्रत्येक स्वाराला चांदीचे बक्कल मिळते, आणि पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम असेल त्याला ‘हॅगिन कप’ स्वतंत्रपणे दिला जातो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्यक घोडा तपासतात. ठरावीक मिनिटांत नाडी मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत उतरली पाहिजे. हिरडीवर अंगठा दाबून सोडल्यावर रंग किती लवकर परततो, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच सपाट होते की नाही, पोटात आतड्यांचा आवाज आहे की नाही, हे पाहून शेवटी घोडा दुडक्या चालीने पळवून लंगडतो का ते तपासतात. यात जो नापास झाला, तो कितीही पुढे असला तरी स्पर्धेतून बाद होतो.

या तपासणीत टिकणारा घोडा काही आठवड्यांत तयार होत नाही, आणि आपल्याकडे खरी चूक इथेच होते. रोजच्या रपेटीने घोड्याचा दमसास दोन-तीन महिन्यांत वाढतो, स्नायू भरतात, अंगात रग येते आणि मालकाला वाटते की घोडा तयार झाला. परंतु पायाच्या कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर) आणि हाडे यांना ताणाची सवय होण्यास याहून कितीतरी अधिक काळ लागतो; कंडरांना तर रक्ताचा पुरवठाच कमी असतो. दम आहे पण पाय कच्चे आहेत, असा घोडा सर्वांत धोक्यात असतो, कारण तो स्वतःहून थांबत नाही. १६० किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आठ वर्षांखालील घोड्याला प्रवेश नसतो. आपल्याकडे मात्र तीन वर्षांच्या शिंगरावर खोगीर टाकून त्याला डांबरी रस्त्यावर भरधाव सोडलेले मी पाहिले आहे. सुरुवातीचे काही महिने केवळ कदम आणि हलकी दुडकी असावी, मातीच्या किंवा मुरमाच्या वाटेवर. पुढे अंतर वाढवायचे असेल तर वेग तोच ठेवावा आणि वेग वाढवायचा असेल तर अंतर तेच. लांब रपेटीनंतर विश्रांतीचे दिवस द्यावेत, आणि रोज सकाळी गुडघ्याखालच्या नळीवरून तळहात फिरवून कुठे ऊब किंवा सूज जाणवते का ते पाहावे. खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या हाताला हे पशुवैद्यकाच्याही आधी कळते. त्याचे ऐकण्याची सवय मालकाला हवी.

खाण्यापिण्याबाबतही पुष्कळ गैरसमज आहेत. दूध, तूप आणि अंडी यांनी घोडा यात्रेत चमकत असेल, पण लांब पल्ल्यावर त्याला तारते ती वैरण. तिच्या तंतूंबरोबर मोठ्या आतड्यात पाणी आणि क्षार साठून राहतात व वाटेत कामी येतात. घोड्याच्या घामातून मीठही भरपूर जाते. उन्हात तासाला दहा-पंधरा लिटर घाम गळू शकतो, आणि पाण्याबरोबर क्षारही गेल्यामुळे शरीर कोरडे पडूनही त्याला पुरेशी तहान लागत नाही. म्हणून पाणी दिसेल तिथे पिण्याची सवय सरावातच लावावी लागते. तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी टाकले तर तो आखडतो, ही समजूतही सोडायला हवी. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या अभ्यासांत, भरपूर गार पाणी ओतत राहणे हाच त्याला थंड करण्याचा सुरक्षित मार्ग असल्याचे दिसून आले.

भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याला अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदणी मिळाली आहे. लहान चणीचा, काटक आणि थोडक्यात भागवणारा हा घोडा अशा दौडींसाठी उत्तम ठरू शकेल असे मला मनापासून वाटते, पण त्याला घाईने पळवून निकामी केले तर ही संधी आपण आपल्या हाताने घालवू.

दौडींच्या आयोजकांनी प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्यकाची तपासणी सक्तीची करावी, घोड्याचे वय दातांवरून पडताळावे आणि उत्तम प्रकृतीच्या घोड्यासाठी पहिल्या क्रमांकाइतक्याच रकमेचे बक्षीस ठेवावे. आपल्या वार्ताहरांनीही विजेत्याच्या वेळेसोबत किती घोडे निघाले, किती तपासणीत उत्तीर्ण झाले आणि किती बाद झाले हे आकडे छापावेत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक अश्वपालक, पुरंदर तालुका, जि. पुणे