नाला वाहतो आहे तोवरच बंधारा घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होतात. दत्तक गावात ग्रामसफाई होते, प्रभातफेरी निघते आणि श्रमदानाचे मोठे काम म्हणून वनराई बंधारा, म्हणजे रेती-मुरूम भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, घेतला जातो. यवतमाळ, वाशीम, अमरावतीच्या कोरडवाहू पट्ट्यातले लहान नाले तोवर आटत आलेले असतात. मग बांध कितीही नेटका रचला तरी अडवायला पाणीच नसते. मुलांचे श्रम खरे असतात, म्हणूनच ते वाया गेलेले पाहवत नाही.

विदर्भातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. त्यानंतर नाल्याची धार रोज बारीक होत जाते. दसरा ते दिवाळी हा बंधाऱ्याचा खरा हंगाम. नेमकी याच वेळी गावात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी असते, मजूर मिळत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या हातांची गरज तेव्हाच सर्वांत जास्त असते.

तारखेला इतके महत्त्व का, ते हिशेबाने दिसते. ६ मीटर रुंद नाल्यात १ मीटर उंच बांध घातला आणि पात्राचा उतार १०० मीटरला १ मीटर असला, तर पाणी मागे १०० मीटरपर्यंत तुंबते. साठा होतो सुमारे ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर. एवढ्यात हरभऱ्याचे एक ओलीत जेमतेम दीड एकराला पुरते. बंधाऱ्याचा फायदा या एका साठ्यात नाही. धार चालू असेपर्यंत पाणी झिरपत राहते, डोह पुन्हा भरत राहतो आणि आजूबाजूच्या विहिरींना ते आठवडेच्या आठवडे मिळते. जानेवारीत बांधलेल्या बंधाऱ्याला हे आठवडे मिळतच नाहीत.

जागा ठरवण्याआधी धार मोजावी. पात्रात मातीचा छोटा आडवा बांध करून त्यातून पाईपचा तुकडा काढायचा, खाली १५ लिटरची बादली लावायची आणि मोबाईलवर वेळ घ्यायची. बादली भरायला एक मिनिट लागले तर दिवसाला २१ हजार लिटर पाणी येते. वरचा साठा भरायला त्याला दोन आठवडे लागतील, तेही काहीच झिरपले नाही तर. बादली १० सेकंदांत भरत असेल तर मात्र काम हाती घ्यावे. उतार मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते.

पोत्यांची तयारी जुलैपासून हवी. घरकुलांच्या आणि ग्रामपंचायतीच्या बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती मागून ठेवावीत. प्लास्टिकची विणलेली पोती घ्यावीत, कागदी नकोत. ती भिजली की फाटतात. पायाशी २ मीटर, माथ्याशी ६० सेंटिमीटर रुंदी धरली तर वरच्या मापाच्या बांधाला ३०० पोती लागतात. फाटकी निघतात म्हणून ३५० जमवावीत. पोते दोन-तृतीयांशच भरावे. ठासून भरलेले पोते गोल होते, नीट बसत नाही आणि दोन पोत्यांमधल्या फटीतून पाणी वाट काढते. सैल भरलेले पोते पायाने दाबले की खालच्या पोत्यावर चपखल बसते. त्याचे वजन ३५ ते ४० किलो होते. ते दोघांनीच उचलावे, एकट्याने पाठीवर घेऊ नये.

एक जण पोत्याचे तोंड धरणारा, एक घमेल्याने भरणारा, एक दाभण-सुतळीने शिवणारा, अशी तिघांची टोळी तासाला १५ ते २० पोती सहज तयार करते. पाच टोळ्या लावल्या तर ३०० पोती तीन-चार तासांत होतात. गटात चाळीस जण असतील तर उरलेल्यांनी पाया खणावा आणि साखळी करून पोती पुढे द्यावीत. गटप्रमुखाने स्वतः फावडे धरण्यापेक्षा पायावर लक्ष ठेवावे, कारण बंधारा फसतो तो बहुधा तिथेच. पात्रातली सुटी रेती आणि पालापाचोळा काढून घट्ट मुरूम लागेपर्यंत, निदान हातभर खोल चर खणला पाहिजे. तो दोन्ही काठांत अर्धा मीटर आत न्यावा. हे टाळले की पाणी बांधाच्या पोटाखालून किंवा कडेने निघून जाते. काठातली खेकड्यांची बिळे मोठे नुकसान करतात. बिळात हात घालू नये, सब्बलीने ती मोकळी करून ओली काळी माती ठेचून भरावी.

पोत्यात रेती-मुरूम भरावा. नुसत्या रेतीतून पाणी पाझरते. काळी माती भरली तर ती सुकताना आकसते आणि पोते बसकते. काळ्या मातीची जागा मधोमध: वरच्या आणि खालच्या अंगाला पोत्यांच्या रांगा, मधल्या पोकळीत ओली काळी माती वीतभर जाडीच्या थरांत तुडवून. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून पोती रचावीत, शिवलेली तोंडे आतल्या बाजूला ठेवावीत. माथा मधोमध वीतभर खाली ठेवला म्हणजे जादा पाणी तिथून सांडते, आणि ते पडते तिथे मोठे दगड लावावेत. भरायची माती बांधाच्या खालच्या अंगाकडून किंवा शेतकऱ्याच्या धुऱ्यालगत कधीही खणू नये. बांधापासून पाच-सहा मीटर वर, पात्रातलाच गाळ-मुरूम काढला की साठाही वाढतो.

सगळ्याच विदर्भात हे काम सारखे लागू पडत नाही. अकोला-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात भूजलच खारे आहे. तिथे विहिरींना गोडे पाणी येईल असे गावाला सांगू नये, अडवलेले पाणी थेट डोहातूनच वापरायचे ठरवावे. भंडारा, गोंदियात मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावांचा गाळ आणि त्यांचे पाट साफ करणे बहुधा जास्त उपयोगाचे ठरते.

पाणी अडल्यावर पहिला वाद मोटारीवरून होतो. सेकंदाला १० लिटर उपसणारा पंप ३ लाख लिटरचा डोह सुमारे सव्वाआठ तासांत कोरडा करतो. शेतीची वीज रात्री आली तर सकाळी तळ दिसतो. म्हणून खारपाण पट्टा सोडून इतरत्र पोती भरण्याआधी दोन्ही काठांवरच्या वावरांच्या मालकांना एकत्र बसवून, डोहात थेट मोटार टाकायची नाही, पाणी विहिरीतूनच घ्यायचे, असा ठराव ग्रामसभेत लिहून घ्यावा. विद्यार्थ्यांनी हा वाद स्वतः मिटवायला जाऊ नये. ते काम गावाचे आहे.

डिसेंबर-जानेवारीच्या शिबिराला मग खरे काम उरते: मोजणीचे. जवळच्या चार-पाच विहिरींच्या काठावर रंगाची खूण करावी आणि दर पंधरा दिवसांनी, सकाळी मोटार सुरू होण्याआधी, दोरीला दगड बांधून खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहावे. पहिली नोंद बांध घालण्याआधीची हवी, आणि बंधारा नसलेल्या शेजारच्या नाल्यावरची एक विहीरही त्यात हवी. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय विहिरीचे पाणी बंधाऱ्यामुळे टिकले की उशिरा आलेल्या पावसामुळे, हे कळत नाही. स्वयंसेवक दोन वर्षांत बाहेर पडतो, त्यामुळे ही वही पहिल्या वर्षाच्या मुलाकडे सोपवूनच दुसऱ्या वर्षाच्या मुलाने निघावे.

पोती काढण्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. उन्हाने ती ठिसूळ होतात, हात लावला की त्यांच्या पट्ट्या सुटतात. पहिल्या पुरात फाटलेले प्लास्टिक पुढच्या वावरांत पसरते, आणि बांध उभाच राहिला तर पाणी काठ फोडून कुणाच्या तरी शेतात शिरते. मे संपायच्या आत बांध उकलला पाहिजे. तेव्हा महाविद्यालयात परीक्षा नाहीतर सुट्टी असते, म्हणून गटप्रमुख त्याच गावचा किंवा शेजारच्या गावचा असावा.

संत गाडगे बाबा अमरावती, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांना आमची विनंती आहे. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असतेच. त्यातले दोन दिवस दसरा-दिवाळीच्या दरम्यान बंधाऱ्यासाठी राखून ठेवावेत आणि हिवाळी परीक्षांचे वेळापत्रक लावताना ते मोकळे सोडावेत. विहिरींच्या नोंदी घेण्याचे आणि मे महिन्यात बांध उकलण्याचे तासही याच १२० मध्ये धरावेत. अहवालासोबत उद्घाटनाच्या छायाचित्राऐवजी विहिरींची वही मागावी, आणि लावलेली पोती मोजून ग्रामपंचायतीकडे परत जमा झाल्याशिवाय काम पूर्ण झाल्याची नोंद करू नये.

आपले,
राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी स्वयंसेवक,
यवतमाळ जिल्हा