आई-बाबा, नोकरी सोडलीये, पण आधी सगळं वाचा

प्रिय आई आणि बाबा,
जय भीम.

फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की माझं पुढचं सगळं अडकतं आणि बाबा तुम्ही "बरं" म्हणून फोन तिच्याकडे देऊन टाकता, म्हणून लिहून पाठवतेय. सोनूला म्हणावं सावकाश वाचून दाखव, मधलं काही गाळू नको.

पेपरातली नोकरी मी सोडलीये. राजीनामा मंजूर झालाय, पीएफचे कागदही भरून दिलेत. एक तारखेपासून आपल्या लोकांच्या बातम्या दाखवणाऱ्या दापोडीच्या त्या चॅनलवर पूर्णवेळ जातेय, जिथं इतके दिवस फक्त सुट्टीच्या दिवशी जायचे. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असतात आणि तुमचा शब्द माझ्याच्याने मोडवला नसता.

कुणाशी भांडण झालं नाही, कुणी काढलंही नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. पण बाबा, तिथं वस्तीवरची बातमी दिली की पहिला प्रश्न यायचा, यात नवीन काय? ड्रेनेजमध्ये उतरलेला माणूस गुदमरून गेला तर आतल्या पानावर दोन परिच्छेद, त्यात ठेकेदाराचं नाव नाही आणि मेलेल्याच्या घरच्यांचा एक शब्द नाही. १४ एप्रिलचं पान मात्र दरवर्षी माझ्याकडे. हे एका ऑफिसचं नाही. २०१९ मध्ये देशातल्या मोठ्या पेपर आणि टीव्हीवाल्यांचा अभ्यास झाला होता, त्यात वरच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते आणि एससी-एसटीचा एकही माणूस नव्हता. ठरवणाऱ्यांत आपलं कुणीच नसेल तर आपली बातमी केवढी लागणार, ते तुम्हीच सांगा.

आणि आत्याच्या वेळचं मी विसरलेले नाही. पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्यातही तिचं नाव चुकलेलं. ते कात्रण तुम्ही ट्रंकेत प्रबुद्ध भारतच्या जुन्या अंकांखाली ठेवलंय, मला माहितीये. यापेक्षा जास्त लिहीत नाही, आईला त्रास होईल.

तुम्ही म्हणाल, आपल्या लोकांची असली वर्तमानपत्रं टिकत नाहीत, बाबासाहेबांचा मूकनायकसुद्धा पैशाअभावी बंद पडला. पडला, खरंय. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले तेव्हा ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला, आणि केसरीने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही, हे तुम्हीच मला जेवताना सांगितलेलं. पण त्यानंतर १९२७ ला बहिष्कृत भारत निघाला, १९३० ला जनता, आणि १९५६ ला जनताचंच नाव प्रबुद्ध भारत झालं. एक बंद पडलं तरी त्यांनी दुसरं काढलं. आणि आपल्या पुण्यात तर त्याच्याही आधी, १९०८ ला, शिवराम जानबा कांबळे सोमवंशीय मित्र काढत होते, देवाला सोडलेल्या मुरळ्यांबद्दल लिहीत होते. आत्ताही २००२ पासून उत्तर प्रदेशात चित्रकूटकडच्या बाया खबर लहरिया नावाचं बातम्यांचं काम चालवतायत, दलित, आदिवासी, मुसलमान बाया, मोबाईल घेऊन गावोगाव फिरतात. मीना कोटवाल यांनी २०२१ मध्ये दिल्लीत द मूकनायक सुरू केलं, तेच नाव घेऊन. मी काही एकटी उठून चालले नाहीये.

परवा येरवड्यात कचरा वेचणाऱ्या एका मावशींचा व्हिडिओ केला. कॅमेरा लावला तर म्हणाल्या थांब, आणि हातमोजे काढून पदर नीट केला, मग पहिलं वाक्य काय, तर स्वतःचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव आणि माहेरचं गाव. सोसायटीत लिफ्ट वापरू देत नाहीत हे त्यांनी नंतर सांगितलं, आवाज अजिबात न चढवता. व्हिडिओ लागल्यावर नातवाच्या फोनवर खाली आलेलं स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं त्यांनी, दोनदा. आई, तू असतीस ना तिथं तर मला एक प्रश्न विचारला नसतास.

आता पैशाचं. पगार कमी आहे, पण महिन्याच्या महिन्याला मिळतो, लोक वर्गणी देतात, हिशोब उघडा असतो. तुमच्या औषधांचे पैसे पहिल्यासारखेच पाच तारखेला येणार, त्यात फरक नाही. बाबा, माझ्या शिक्षणाला सोसायटीचं कर्ज काढलं होतंत, ते मी विसरणार नाही, तुम्ही मनात आणू नका की पोरीने सगळं वाया घालवलं. खोली दोघींत घेतलीये, पाणी दोन्ही वेळ येतं, गीझर आहे, डबा एका काकूंकडून येतो, त्यांची आमटी आईसारखी नाही पण भाकरी चांगली असते. रात्रीच्या शूटला एकटी जात नाही. आमच्याबरोबर एक वकील आहेत, व्हिडिओ लावायच्या आधी ते बघतात. खाली लोक घाण घाण लिहितात ते खरंय, म्हणून तुम्ही कॉमेंट उघडायच्याच नाहीत, फक्त व्हिडिओ बघायचे. सोनूनेही कुणाला उत्तरं देत बसायचं नाही.

बाबा, ऑफिस तुमच्या वर्कशॉपच्या मागच्या बाजूला आहे. शिफ्ट सुटली की तुम्ही सायकलवरून यायचात, हाताला ग्रीसचा वास असायचा आणि मी तसंच तुमच्या कडेवर चढायचे, आई ओरडायची नवा फ्रॉक आहे म्हणून. जयंतीला सायकलच्या दांडीवर बसवून कलेक्टर कचेरीसमोरच्या पुतळ्यापर्यंत नेलं होतंत, गर्दीत मला खांद्यावर घेतलंत, तिथून सगळी माणसं दिसत होती. मला अजूनही ताप आला की तुम्ही दोघंच पाहिजे असता.

आता ऐका. आई, थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासाने. मीठ कमी कर, पापड वरच्या डब्यात लपवलेत ते मला वहिनीने सांगितलंय. बाबा, मोतीबिंदूचं आता पुढे ढकलायचं नाही, डोळा पिकू दे वगैरे काही नसतं, डॉक्टर म्हणालेत की आत्ताच करायचं. मी तारीख घेतलीये, महिनाअखेरचा शनिवार, आदल्या रात्री मी बार्शीत येतेय. तोपर्यंत संध्याकाळनंतर गाडी चालवायची नाही, आणि पत्र्यावर चढायचं तर अजिबातच नाही.

दादाला आत्ताच काही सांगू नका, मी आले की समोर बसून सांगेन. येताना आईच्या गुडघ्याचा पट्टा आणतेय, मागचा सैल झाला होता ना, जुन्याचं माप सोनूला फोटो काढून पाठवायला सांगा.

तुमची,
बेबी