प्रभ्याची पंचाहत्तरी आणि तुझा दलबदलू

नाशिक, रविवार

प्रिय विन्या,

फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय प्रभ्याचा विषय निघाला की दोघांचेही आवाज चढतात, मग वहिनी तुझ्या हातातून फोन घेतात आणि 'भावजी, जेवलात का?' विचारतात. म्हणून पत्र. तब्येत ठीक. साखर होती तिथेच आहे.

प्रभ्याच्या मुलाचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात प्रभ्याची पंचाहत्तरी. हॉल घेतलाय, त्याची तुला वगैरे करणार आहेत. 'काका, कारखान्यातल्या जुन्या शॉपमधलं कुणीतरी दोन शब्द बोलावं अशी बाबांची फार इच्छा आहे.' फार इच्छा! मी 'कळवतो' म्हणालो आणि फोन ठेवला.

फोन आला तेव्हा मी नेमका आपल्या ल ग्लोआनच्या, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेंच वैमानिकाच्या, विमानाचं मॉडेल रंगवत होतो. हसू नकोस. हो, अजून तेच देवातीन ५२०. आता विशी सरकारचे, म्हणजे हरल्यावर जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारचे, लाल-पिवळे पट्टे चाललेत. नाकाला आधी अख्खा पिवळा द्यायचा, तो पक्का वाळला की चिकटपट्टीच्या मिलिमीटरभर रुंदीच्या चिंध्या कापून आडव्या लावायच्या आणि मधल्या फटीत लाल भरायचा. चिंधी घाईने ओढली तर खालचा पिवळाही सोलून येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जमतंय, पण शेपटी अजून बाकी आहे. तू म्हणायचास तसंच, 'हे पट्टे मारलेस की तुझा हिरो गुन्हेगार दिसायला लागतो.'

तुझ्या लेखी तो कायम दलबदलूच. अठरा विमानं पाडली, त्यात चार जर्मन, सात इटालियन, सात ब्रिटिश. एकाच युद्धात सगळ्यांना पुरून उरला, असं तू कॅन्टीनमध्ये ओरडून सांगायचास. मी म्हणायचो, अरे, तो हललाच कुठे? ब्रिटनीतला पोरगा, १८ व्या वर्षी हवाईदलात शिरला. युद्ध सुरू झालं तेव्हा ज्या थ्री-सिक्स या लढाऊ विमानांच्या ग्रुपमध्ये होता, मेला तेव्हाही त्याच ग्रुपमध्ये. १५ जून १९४० ला एका उड्डाणात पाच इटालियन विमानं पाडली, त्यावर अधिकारी झाला, आणि आठवडाभरात फ्रान्सने जर्मनीपुढे हात टेकले. ग्रुप फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात गेला, हाही गेला. मग ३ जुलैला इंग्रजांनी तिथल्याच मेर्स-अल-कबीरच्या बंदरात फ्रेंच आरमारावरच तोफा डागल्या, १,२९७ खलाशी मेले. कालचा दोस्त. त्यानंतर कुठल्या तोंडाने इंग्रजांकडे जायचं?

मे १९४१ मध्ये ग्रुपला फ्रेंचांच्या ताब्यातल्या सीरियात जायचा हुकूम आला. वाटेत इटलीत आणि ग्रीसमध्ये तेल भरत गेले. म्हणजे वर्षापूर्वी ज्यांची विमानं पाडली, त्यांच्याच नळीचं तेल! मग लेबनॉनमधल्या रयाकच्या तळावरून उठून इंग्रजांची हरिकेन विमानं पाडायची. खाली जमिनीवर समोर कोण होते ते तूच मला शोधून दिलंस: ऑस्ट्रेलियन, फ्रेंचांविरुद्ध लढणारे फ्रेंच, आणि आपली पाचवी इंडियन ब्रिगेड, जिची दमास्कसजवळ मेझ्झेला दारूगोळा संपून वाताहत झाली. ते वाचून तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, जणू मीच गोळ्या झाडल्या होत्या.

नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकन अल्जीरियात उतरले, ग्रुप पुन्हा दोस्तांच्या बाजूला आला, ल ग्लोआनही आला. अमेरिकनांनी त्यांची एराकोब्रा विमानं दिली. ११ सप्टेंबर १९४३ ला समुद्रावर इंजिन बिघडलं. बिचारा किनाऱ्यापर्यंत परत आला, चाकं न काढता पोटावर उतरवायला गेला, आणि पोटाखालची जादा टाकी तशीच राहिलेली. पेटला. वय ३०. इतकी विमानं पाडणाऱ्याला ती टाकी भोवली.

तर इतकी वर्षं मी त्याची वकिली केली: आपली माणसं सोडली नाहीत, बस. आणि तू दर वेळी दुसरा फ्रेंच वैमानिक, रने मूशोत, काढायचास. मेर्स-अल-कबीरच्याही तीन दिवस आधी, ३० जूनला, ओरानहून रात्री विमान पळवून जिब्राल्टर गाठणारा. कुणी पळू नये म्हणून पंख्यांची यंत्रणा आधीच निकामी करून ठेवलेली, तरी उडाला. 'त्याला जमलं, तुझ्याला का नाही?' याला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. मी चहा मागवायचो.

विन्या, परवा ब्रश धुताना डोक्यात आलं. आपल्या कारखान्याच्या संपात प्रभ्याने काय केलं? गेट मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला, 'हे आपण हरणार, पुढारी आपल्याला बुडवतोय' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी जाळीच्या बसमधून आत गेला. एकटा. आपण दोघं शेवटपर्यंत बाहेर, कारण शॉप बाहेर होतं. मग ल ग्लोआन कोण आणि मूशोत कोण, सांग बरं? ज्या प्रभ्याला तू आजवर गद्दार म्हणतोस, तो तुझ्याच लाडक्याच्या रांगेत बसतो. आणि मी ज्याची वकिली केली, त्याच हिशेबाने मला प्रभ्याचं तोंड पाहायला नको.

लगेच उसळू नकोस. मूशोत ल ग्लोआनच्या पंधरा दिवस आधी, २७ ऑगस्टला, इंग्लिश खाडीवर मेला. प्रभ्याला सुपरवायझरची खुर्ची मिळाली. हा फरक मलाही दिसतो. आणि जाधवच्या बायकोने त्या दिवसांत मंगळसूत्र मोडलं, तेही मी विसरलेलो नाही. पण संप हरलाच ना? आणि प्रभ्याने ते तोंडावर सांगितलं होतं. मागून नाही.

बायको म्हणते, जा, जेवून या, भाषण करू नका. तिचं सगळं सोपं असतं.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? नात बोलायला लागली म्हणे, छान. बदलीच्या अर्जाचं जावयाला म्हणावं, पाठपुरावा कर.

तर असं कर. शनिवारी इकडे ये, मुक्कामाला. दोन शब्द काय ते बसून लिहू. मी बोलेन, पण तू पहिल्या रांगेत बसायचं. नसशील येणार तर मीही जात नाही, आणि मुलाला तसं तूच कळवायचं. त्याचा नंबर मोबाइलवर पाठवतो.

तुझा,
सुध्या