आईचे लक्ष नाही, असे म्हणण्याआधी : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारी शेतमजूर बाई असून मला आठ महिन्यांची मुलगी आहे. मागच्या आठवड्यात अंगणवाडीत तिचे वजन 6 किलो 100 ग्रॅम भरले आणि कार्डावरचा ठिपका हिरव्यातून पिवळ्या, म्हणजे कमी वजनाच्या, पट्ट्यात उतरला. तपासणीला आलेल्या बाईंनी तिला सतरंजीवर पालथे टाकले, तेव्हा ती थोडा वेळ मान उचलून दमली आणि रडू लागली. त्यावर गावातल्या सगळ्या बायांदेखत मला ऐकवण्यात आले, "आईचे लक्ष नाही." हे पत्र त्या तीन शब्दांमुळे लिहीत आहे.

बाळाला पालथे का टाकायचे, हे मला ठाऊक आहे. त्याने मान, खांदे आणि पाठ बळकट होते आणि पुढे बाळ रांगते. अजून न रांगणाऱ्या बाळाला जागेपणी, थोडे थोडे करून, दिवसाकाठी किमान अर्धा तास पालथे ठेवावे आणि एका वेळी तासाभराहून अधिक बांधून ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे. आशाताईंनीही दाखवले होते : दूध पाजल्याबरोबर टाकायचे नाही, समोर चकाकती वाटी ठेवायची, आपण जवळ बसायचे. सारे पटते. फक्त जवळ बसायचे कोणी आणि जमीन कोणती, एवढेच कोणी सांगत नाही.

सध्या कापसाची वेचणी चालू आहे. मजुरी किलोमागे मिळते, म्हणजे मुलीजवळ बसलेला अर्धा तास मजुरीतून जातो. सासूबाईही वेचणीलाच येतात. मुलगी धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत सकाळपासून दिवस कलेपर्यंत असते. खाली ठेवावे तर काटे, मुंग्या, विंचू आणि फवारणीचे औषध. मी दोनदा जाऊन पाजते आणि सोबत नेलेली डाळ-भाताची पातळ पेज भरवते. ती रडली तर शेजारच्या ओळीत वेचणारी कोणीतरी तिच्या हातात बिस्किट देते, कारण बिस्किटाने मूल गप्प बसते. ते खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते आणि मग ती पेज खात नाही. झोळीत मूल ना कुशीवर वळू शकत, ना हातावर जोर देऊ शकत. लक्ष नाही, असे नाही, महोदय. माझे लक्ष दिवसभर त्या बाभळीकडेच असते.

मागच्या वर्षी सप्टेंबरात, पोषण महिन्याच्या कार्यक्रमात, आपल्या विभागाच्या एका अधिकाऱ्यांनी आमच्या गावात मंचावरून जाहीर केले होते की दिवाळीपासून अंगणवाडीच्या मागच्या खोलीत पाळणाघर सुरू होईल. टाळ्या आम्हीच वाजवल्या. ती दिवाळी गेली, यंदाचीही गेली. चटया आल्या आहेत, हे खिडकीतून दिसते. अजून प्लास्टिकमध्येच गुंडाळलेल्या आहेत. खोलीला कुलूप आहे आणि किल्ली "वरून" यायची आहे. चटयांची प्रकृती मात्र उत्तम आहे.

नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, याचा मला आनंदच आहे. मी सव्वा महिना होताच निंदणाला गेले. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुले जमली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी द्यावी, असे कायदा म्हणतो. खासगी शेतातल्या मुलांना मात्र हा कायदा ओळखत नाही. आमच्या जिल्ह्यातून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला, त्याला जमीन सापडली. माझ्या मुलीला लोळायला चार हात जमीन सापडत नाही. अंगणवाडी योजना 1975 सालची आहे, म्हणजे माझ्या सासूबाईंपेक्षा जेमतेम लहान. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची शंभरातली छत्तीस मुले कमी वजनाची निघाली. एवढ्या सगळ्या आयांचे लक्ष नाही, असे सरकारचे म्हणणे आहे काय?

मला अनुदान नको, सत्कार नको आणि आणखी एक पोस्टर तर मुळीच नको. ती खोली वेचणीच्या वेळेत, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, उघडी ठेवावी. मुलांना सांभाळायला गावातलीच एक बाई मजुरी देऊन नेमावी. वजनकाटा दुरुस्त करावा, कारण मधले दोन महिने तो बंद होता आणि तरी कार्डावर ठिपके पडत होते.

येत्या सोमवारपर्यंत कुलूप उघडले नाही, तर आम्ही सहा जणी आमच्या झोळ्या शेतात न नेता अंगणवाडीच्या ओसरीच्या खांबांना बांधणार आहोत. तपासणीच्या बाईंना तसे कळवावे.

आपली,
एक शेतमजूर आई